एक ध्वनिमुद्रिका आणि दोन काळांचे अभिप्राय

कलाकृतीला रसिकांचा न्याय केव्हां मिळेल याचा नेम नसतो. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेची कथा या दृष्टीनें मननीय आहे.

ही ध्वनिमुद्रिका १९८२ सालीं निघाली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग तींत विद्युत्-वाद्यांवर, डिस्को नृत्याच्या ठेक्यावर वाजविलेले आहेत. सिंग यांनीं त्यासाठीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें योजिलीं : एक सुरावटीसाठीं, दुसरें तालासाठीं आणि तिसरें खर्जाच्या सुरांसाठीं. हें तिसरें यंत्र मुळांत वादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून निर्मिलेलें. त्याचा विशेष असा, कीं त्यांत एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जातां येतें. हार्मोनियमला नेमकें हेंच साधत नाहीं. पेटींत मींड नाहीं, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप; अशाच आक्षेपांमुळें ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला दाराबाहेर ठेविलें होतें.

परंतु हा विशेष त्या वेळीं कोणाच्या फारसा ध्यानांत आला नाहीं. ध्वनिमुद्रिका खपली नाहीं आणि विस्मृतींत गेली. रागदारीच्या श्रोत्याला ठेका परका, आणि नाचणाऱ्याला शब्दांवांचून राग कोरडा. अशी तिची दोन्हीं घरीं उपेक्षा झाली असावी.

पुढें १९८७ सालीं शिकागोंतील 'फ्युचर' या वादकमंडळीनें त्याच खर्जयंत्रावर 'ॲसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध केली आणि 'ॲसिड हाऊस' नांवाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. २०१० सालीं एडो बाऊमन या डच संग्राहकानें सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली, तेव्हां पाश्चात्य टीकाकार चकित झाले. तोच नाद, आणि पांच वर्षें आधीं! कांहींना ती बनावट असावी असा संशय आला. कांहींनीं सिंग यांना त्या प्रकाराचे आद्य जनक ठरविलें. वस्तुतः आधीं होणें आणि जनक होणें या भिन्न गोष्टी होत. एकाच यंत्राच्या दोन वापरांत साम्य दिसलें, म्हणजे वंश सिद्ध होत नाहीं.

पहिल्या काळानें रूढीकडे पाहिलें, दुसऱ्यानें दिनदर्शिकेकडे. या रचनांत राग किती टिकला, हा खरा प्रश्न मागेंच राहिला. विस्तीर्ण आलापाला येथें अवसर नाहीं, आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद यंत्राच्या ठराविक स्वरांत मावत नाहींत. ही हानि होय. उलट, घसरत्या सुरांमुळें मींडेचा भास होतो आणि एकाच ठेक्यावर स्वरांची चाल स्पष्ट उमटते. हा लाभ होय.

सत्तरीच्या उंबरठ्यावर सिंग यांना कीर्ति लाभली. युरोपांत त्यांचे कार्यक्रमहि झाले. २०१५ सालीं मुंबईंत ते निवर्तले. कृति कोणत्या सालची हें अवश्य विचारावें. परंतु तें ती ऐकून झाल्यावर.