काजव्याचा प्रकाश आणि औषधपरीक्षा

अर्बुदावर औषध लागू पडते की नाही हे पाहण्यासाठी पूर्वी दर टप्प्यास काही उंदीर मारून त्यांची अर्बुदे मोजावी लागत. काजव्याच्या ल्यूसिफेरेज या विकराचे जनुक १९८५ मध्ये पृथक् करण्यात आले, आणि निराळा मार्ग खुला झाला. हे जनुक अर्बुदाच्या पेशींत घालून उंदरास ल्यूसिफेरिन टोचले असता त्या मंद प्रकाशतात. अतिशीत ठेवलेल्या कॅमेऱ्याने तो प्रकाश टिपता येतो. एकच प्राणी कित्येक आठवडे तपासता येतो. या क्रियेस एटीपी व प्राणवायू लागत असल्याने मृत पेशी प्रकाशत नाहीत.

तथापि प्रकाशाचे मान म्हणजे पेशींची संख्या नव्हे. सुमारे ६०० नॅनोमीटरांखालील प्रकाश हीमोग्लोबिन फार शोषून घेते. उरलेला ऊतकांत विखुरतो. सुदैवाने ३७° से. तपमानास या प्रकाशाचे शिखर ६१० नॅनोमीटरांच्या आसपास असते. तरीही यकृतातील अर्बुद त्वचेखालील तेवढ्याच अर्बुदाहून फिकट दिसते. वाढत्या अर्बुदाच्या गाभ्यात प्राणवायू कमी पडला तरीही प्रकाश मंदावतो, व घाईचा संशोधक त्याचे श्रेय औषधास देतो!

याहून फसवा प्रकार म्हणजे औषधाचा परिणाम खुद्द विकरावरच होणे. रेझव्हेराट्रॉल हा असा एक रोधक होय. काही रोधक तर विकरास चिकटून त्याचा ऱ्हास टाळतात, व पेशींतील प्रकाश उलट वाढतो. पीटीसी-१२४ या औषधाच्या शोधावर २००९ मध्ये हाच आक्षेप घेण्यात आला. यास्तव रेनिला या सागरी प्राण्याच्या निराळ्या ल्यूसिफेरेजने परीक्षा पुन्हा घेणे आणि अखेरीस अर्बुदाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अवश्य ठरते.