विरलनातून शीतलता
माठातील पाणी गार होते, कारण बाष्पीभवनास लागणारी उष्णता पाण्यातूनच घेतली जाते. निरपेक्ष शून्याजवळ मात्र बाष्पच जवळजवळ निर्माण होत नाही आणि हा उपाय थिटा पडतो.

हाइन्झ लंडन यांनी १९५१ मध्ये यावर तोड सुचविली. हीलियम-३ व हीलियम-४ यांचे द्रव मिश्रण सुमारे ०.८७ केल्विनखाली नेले म्हणजे त्याचे दोन थर होऊ शकतात. वरचा थर हलक्या हीलियम-३ चा असतो. खालच्या हीलियम-४ मध्ये मात्र निरपेक्ष शून्यालगतही सहा टक्क्यांहून अधिक हीलियम-३ विरघळलेले राहते. वरचे अणू खाली उतरताना उष्णता शोषतात. हे जणू खालच्या दिशेने होणारे बाष्पीभवनच होय.

ते चालू राहावे म्हणून खालच्या थरातील हीलियम-३ सुमारे ०.७ केल्विन तापमानाच्या पात्रातून पंपाने ओढून, थंड करून परत आणतात. परतणाऱ्या प्रवाहाची उष्णता बाहेर जाणाऱ्या थंड प्रवाहाने काढून घ्यावी लागते. या विनिमयावरच शीतकाचे यश अवलंबून असते. तो उत्तम साधला, तर तापमान केल्विनच्या सुमारे दोन सहस्रांशांपर्यंत उतरते.

हीलियम-३ मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयातून मिळते व अतिशय दुर्मिळ आहे. म्हणून हे चक्र पूर्णतः बंदिस्त ठेवावे लागते. लहानशी गळतीही परवडत नाही.