करकपातीच्या प्रमाणपत्रातील चुका व त्यांची दुरुस्ती

वेतनातून आयकर कापला गेला व तो शासनाकडे जमा झाला, एवढ्याने कर्मचाऱ्याची जबाबदारी संपत नाही. तो कर त्याच्याच नावे नोंदला गेला आहे काय, हे पाहणे तितकेच आवश्यक असते. आयकर विभागाच्या दप्तरी करदात्याची ओळख कायम खाते क्रमांकावरून, म्हणजेच 'पॅन'वरून पटते. त्यातील एक अक्षर चुकले, तर एखाद्या शिक्षकाचा कर भलत्याच व्यक्तीच्या खाती पडतो किंवा कोणाच्याच खाती पडत नाही. मग परतावा अडतो आणि एकदा दिलेल्या कराची मागणी पुन्हा दारी येते.

क्रमांकाची रचना

पॅनमध्ये १० स्थाने असतात : प्रथम ५ रोमन अक्षरे, नंतर ४ अंक व शेवटी १ अक्षर. पहिल्या पाच स्थानांत अंक येत नाही. त्यामुळे तेथे शून्यासारखे दिसणारे चिन्ह 'ओ' हे अक्षरच होय. चौथे अक्षर धारकाचा प्रकार दर्शविते. व्यक्तीच्या बाबतीत ते 'पी' असते. पाचवे अक्षर सामान्यतः आडनावाचे आद्याक्षर असते. विवाहानंतर आडनाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो. म्हणून पाचवे अक्षर नव्या आडनावाशी जुळत नाही, एवढ्यावरून नवा क्रमांक घेऊ नये. एकाहून अधिक पॅन बाळगल्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

चूक कोठे आहे?

'फॉर्म १६' या नावाने परिचित असलेल्या प्रमाणपत्राच्या पहिल्या भागातील नाव पॅनच्या आधारे आयकर विभागाच्या नोंदीतून येते. तेथे दुसऱ्याच व्यक्तीचे नाव आढळल्यास कार्यालयाने क्रमांक चुकीचा भरला असे समजावे. नाव आपलेच, पण वर्णलेखन निराळे किंवा आडनाव पूर्वीचे असल्यास चूक पॅनच्या मूळ नोंदीत असते.

दुरुस्ती कोणी करावी?

पहिल्या प्रकारची दुरुस्ती कर्मचाऱ्याच्या हाती नाही. त्याने पॅनकार्डाची प्रत जोडून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. अधिकाऱ्याने संबंधित तिमाहीचे दुरुस्ती विवरणपत्र सादर करून नवे प्रमाणपत्र द्यावे. जुन्या प्रमाणपत्रावर खाडाखोड करून सही-शिक्का दिल्याने मूळ नोंद बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात कर्मचाऱ्याने स्वतः पॅनच्या नोंदीतील बदलासाठी अर्ज करावा. त्यासोबत विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र यांसारखा पुरावा जोडावा. सेवापुस्तक, आधार व बँक खाते यांतील नाव एकसारखे असावे, हे उत्तम.

या कामी विलंब परवडणारा नाही. आयकर अधिनियम, २०२५ अन्वये १ एप्रिल २०२६ पासून दुरुस्ती विवरणपत्राची मुदत, मूळ विवरणपत्र ज्या कर वर्षात देय होते ते संपल्यापासून २ वर्षे ठरविण्यात आली आहे. पूर्वीची मुदत ६ वर्षांची होती.

करदात्याला आधार

कापलेला कर करदात्याकडून पुन्हा थेट वसूल करू नये, असे १९६१ च्या अधिनियमातील कलम २०५ मध्ये नमूद होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या मार्च २०१३ मधील निर्णयानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी जुलैमध्ये निर्देश काढले. करदात्याने करकपातीचे प्रमाणपत्र सादर केल्यास पडताळणी करून जमा द्यावी, असा त्यांचा आशय होता. म्हणून वेतनपत्रके व प्रमाणपत्रे जपून ठेवावीत.

ग्रामपंचायतींसाठी

व्यक्ती म्हणून काम घेणाऱ्या ठेकेदाराच्या देयकातून करकपात करावयाची असल्यास ती सामान्यतः १ टक्का दराने होते. मात्र पॅन न दिल्यास दर २० टक्क्यांवर जातो. छोट्या ठेकेदाराला हा फरक जड जाणारा आहे. देयक मंजूर करण्यापूर्वीच पॅनकार्ड पाहून क्रमांक पडताळून घ्यावा.

प्रत्येक तिमाहीनंतर कर्मचाऱ्याने आपल्या खात्यावरील करनोंद पाहावी आणि कार्यालयाने विवरणपत्र पाठविण्यापूर्वी क्रमांकांची यादी सर्वांना दाखवावी. एवढी दक्षता घेतल्यास बहुतेक चुका उद्भवण्यापूर्वीच टळतील.