आपला बीड जिल्हा : मुलांना दाखवावीत अशी ठिकाणं आणि सहलीची योग्य वेळ



शाळेची सहल म्हटलं की आपल्याकडे ठरलेली नावं पुढे येतात. वेरूळ, दौलताबाद, शिर्डी, फार तर महाबळेश्वर. ही ठिकाणं चांगलीच आहेत. पण तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्हा शिकणारी आपली मुलं बीड जिल्ह्यातलं काय पाहतात? परळीला किंवा अंबाजोगाईला देवदर्शनाला गेलेली असतात, एवढंच. बीड म्हणजे दुष्काळ, ऊसतोड आणि बातम्यांमधली भांडणं, असं बाहेरचे लोक बोलतात आणि ऐकून ऐकून आपली मुलंही तेच म्हणायला लागतात. म्हणून जिल्ह्यातली निवडक ठिकाणं आणि तिथे मुलांना काय शिकवता येईल, ते या लेखात पाहू.

जिल्हा समजून घेऊ

जिल्ह्यात ११ तालुके आहेत. उत्तरेला गोदावरी नदी ही जिल्ह्याची हद्द आहे. तिच्या काठची गेवराई, माजलगावची जमीन सपाट आणि काळी. मधून बालाघाटचे डोंगर जातात. डोंगरावरची जमीन हलकी, मुरमाड. एकाच जिल्ह्यात एका शेतात ऊस आणि दुसऱ्या शेतात जेमतेम बाजरी का, या प्रश्नाचं उत्तर या नकाशातच आहे. फळ्यावर नकाशा काढून आधी एवढं समजावलं, तर सहलीत मुलं खिडकीतून नीट बघत जातात.

१. बीड शहर : कंकालेश्वर आणि खजाना विहीर

कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या कुंडात उभं आहे. बांधणी चालुक्य शैलीची. बाहेरच्या भिंतींवर स्त्रियांच्या अनेक मूर्ती आहेत आणि त्यातल्या काहींच्या हातात शस्त्रंही आहेत. मुलींना त्या मूर्ती आवर्जून दाखवा.

शहराच्या दक्षिणेला साधारण ६ किलोमीटरवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात ती बांधली गेली. विहिरीला जमिनीखालून भुयारं जोडलेली आहेत. काहींतून पाणी आत येतं आणि एकातून ते उताराच्या दिशेने शेतांकडे जातं. मोटार नाही, मोट नाही, फक्त जमिनीचा उतार वापरलाय. वर्गात दोन बाटल्या आणि सलाइनची नळी घेऊन हा प्रयोग करून दाखवता येतो. बाटली खाली-वर केली की पाणी कुठे जातं ते मुलांना लगेच कळतं.

२. कपिलधार

बीडपासून साधारण २० किलोमीटरवर संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. शेजारीच डोंगरावरून धबधबा पडतो. दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात एवढं पाणी बघून मुलं हरखून जातात. हे पाणी पुढे कुठे जातं आणि उन्हाळ्यात का राहत नाही, हा प्रश्न तिथेच विचारा. पाणलोटाचा धडा तिथेच सुरू होतो.

३. पाटोदा तालुका : सौताडा आणि नायगाव

सौताड्याला विंचरणा नदी उंच कड्यावरून खोल दरीत उडी घेते. दरीत रामेश्वराचं मंदिर आहे. आता गंमत बघा. मांजरा नदीही याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. मांजरेचं पाणी लातूर, कर्नाटक, तेलंगणा करत गोदावरीला मिळतं. विंचरणेचं पाणी मात्र सीना, भीमा असं करत कृष्णेला जातं. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन वेगळ्या मोठ्या नद्यांत वाटला जातो. जलविभाजक हा शब्द पाठ करून घेण्यापेक्षा तिथे उभं राहून सांगितलेला बरा.

याच तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त दिसतात, त्यामुळे सहलीची वेळ तशी धरावी. गोंगाट केला तर एकही मोर दिसणार नाही, हे मुलांना आधीच सांगा.

४. धारूर : किल्ला आणि सीताफळ

धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधला. बुरूज, तटबंदी, पाण्याचे हौद पाहता येतात. परिसरात सीताफळाची झाडं भरपूर. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हे फळ मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं मानलं जातं. ब्राझील, पेरूकडच्या जंगलांत त्याच्या जातीची कितीतरी भावंडं आहेत. आपल्या बालाघाटच्या मुरमाड, कोरड्या उतारावर ते असं रुजलं की आता ते आपलंच झालंय. जगाचा नकाशा उघडायला याहून चांगलं निमित्त कोणतं!

५. अंबाजोगाई आणि परळी

अंबाजोगाईला योगेश्वरी देवीचं मंदिर आहे. ती कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता. इतक्या लांबून लोक इथे का येतात, हे मुलांना शोधायला सांगा. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी इथे आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा मानला जातो. संत दासोपंतही इथलेच. त्यांनी कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ प्रसिद्ध आहे. हत्तीखान्याची लेणी तर शहराला लागूनच आहेत. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुख्याध्यापक होते, हेही जरूर सांगा.

तिथून साधारण २५ किलोमीटरवर परळी वैजनाथ. मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्यादेवी होळकरांनी केला. परळीचं औष्णिक वीज केंद्रही मुलांना बाहेरून दाखवा. २०१३ आणि २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज कोळशापासून होते असं मुलं लिहितात. त्यासोबत पाणीही लागतं, हे परळीत पक्कं समजतं.

६. राक्षसभुवन

गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. शनीचं देवस्थान म्हणून लोक ओळखतात. पण १० ऑगस्ट १७६३ ला इथे माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी! माधवरावांचं वय तेव्हा १८ वर्षांचं होतं. दहावी-बारावीच्या मोठ्या भावाएवढं वय, असं सांगितलं की मुलं कान टवकारतात.

सहल कधी काढावी?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक शाळा डिसेंबर-जानेवारीत सहल काढतात. पण दसरा-दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळ्या निघतात आणि गावंच्या गावं कारखान्यांवर जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात, बरीच मुलं आई-वडिलांसोबत कोपीवर जातात. पट्टा पडल्यावर ती परत येतात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं. म्हणजे सहलीच्या यादीत त्यांचं नाव कधी येतच नाही. सात-आठ वर्षं शाळेत नाव असतं आणि एकही सहल नाही.

शिवाय डिसेंबरात धबधबे आटत आलेले असतात, झाडं वाळायला लागतात आणि सीताफळाचा बहर संपलेला असतो. म्हणून सहल सप्टेंबरात, दसऱ्याच्या आधी काढावी. पाणी असतं, हिरवळ असते, मोर दिसतात आणि सगळी मुलं वर्गात असतात. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एक दिवसाची सहल असल्याने खर्चही कमी. उचल मिळण्याआधीच्या त्या दिवसांत पालकांच्या हातात पैसा नसतो, हे लक्षात ठेवून वर्गणी कमीत कमी ठेवावी. गावातल्या लोकांकडून किंवा शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मदत घेता आली तर उत्तम. पैसे नाहीत म्हणून एकही मूल मागे राहू नये.

पावसाळ्याची काळजी मात्र घ्यावीच लागते. धबधबा लांबूनच बघायचा, पाण्यात कोणी उतरायचं नाही, कड्याजवळ जायचं नाही, विहिरीच्या काठावर शिक्षक उभे राहतील. जोराचा पाऊस असेल तर कपिलधार, सौताडा टाळून अंबाजोगाई-परळी करावं. श्रावणी सोमवारी परळीला आणि नवरात्रात अंबाजोगाईला गर्दी असते, त्या तारखा सोडाव्यात. पूर्वपरवानगी, पालकांचं संमतीपत्र, प्रथमोपचार पेटी आणि सोबत शिक्षिका हे तर ठरलेलंच.

एका दिवसाचे तीन मार्ग

१) कंकालेश्वर – खजाना विहीर – कपिलधार
२) नायगाव – सौताडा
३) अंबाजोगाई – परळी

आल्यावर निबंध लिहून घेण्याऐवजी प्रत्येक मुलाला पाहिलेल्या एका ठिकाणाचं चित्र काढायला आणि त्याखाली पाच वाक्यं लिहायला सांगा. त्याची एक प्रत मुलाकडे राहू द्या. नोव्हेंबरात ते कारखान्यावर गेलं आणि तिथल्या कुणी गाव विचारलं, तर आपल्या जिल्ह्याबद्दल सांगायला त्याच्याकडे काहीतरी असेल.

आपापल्या तालुक्यातली आणखी ठिकाणं या यादीत जोडून घ्या आणि यंदाची सहल दसऱ्याआधी होते का, ते शाळेत एकदा बोलून बघा.