शिलानगरी, वाळवंट आणि प्रवाळ : ज्येष्ठांच्या जॉर्डन-प्रवासाची आखणी

"डॉक्टर, आईबाबांना आठवडाभर जॉर्डनला नेतोय. लागतील तेवढ्या गोळ्या लिहून द्या." अशी विनंती घेऊन येणारे मुलगे, मुली आणि सुना अलीकडे दवाखान्यात वारंवार भेटतात. प्रवासाचा कार्यक्रम भ्रमणध्वनीवर तयार असतो. सकाळी एक ठिकाण, दुपारी दुसरे, रात्री तिसऱ्या गावी मुक्काम. शेजारी बसलेले आईवडील कौतुकाने हसत असतात आणि काही बोलत नाहीत. त्यांच्या या न बोलण्याकडे लक्ष वेधणे, हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

जॉर्डन हा आकाराने लहान देश. मृत समुद्र, पेट्राची शिलानगरी, वादी रमचे वाळवंट आणि अकाबाचे प्रवाळ ही चारही स्थळे काही तासांच्या मोटारप्रवासात जोडता येतात. त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीसाठी तो सोयीचा आहे. मात्र अंतरे लहान असल्यामुळे एका दिवसात फार काही कोंबण्याचा मोहही तेवढाच मोठा असतो.

दोन गोष्टी, ज्या ज्येष्ठ सांगत नाहीत

पहिली गोष्ट लघवीची. प्रवासात शौचालय कुठे मिळेल, गाडी थांबवायला कसे सांगायचे, या संकोचापोटी अनेक ज्येष्ठ सकाळपासून पाणीच कमी पितात. काही जण लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी परस्पर टाळतात. त्यातच वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावलेली असते. कोरड्या हवेत घाम लगेच वाळून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे कळतही नाही. मग उठताना चक्कर, तोल जाणे, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, मूत्रपिंडावर ताण अशी मालिका सुरू होते.

दुसरी गोष्ट थकव्याची. "माझ्यामुळे मुलांचा विरस नको" म्हणून गुडघा दुखत असताना, छातीत जड वाटत असताना चालत राहणे हा आपल्या घरांतील जुना संस्कार आहे. घरी तो निभावून जातो. उन्हात, खडकाळ वाटेवर तो महाग पडतो.

यावर उपाय एकच : विचारण्याची वाट न पाहता सोय आधीच आखून ठेवावी. गाडीच्या चालकाला पहिल्याच दिवशी सांगावे, की दर दीड-दोन तासांनी शौचालय असलेल्या ठिकाणी थांबायचे आहे. थांबा सर्वांसाठी असला की कोणालाच संकोच वाटत नाही. पाणीही दर तासाला थोडे थोडे, सर्वांनी मिळून प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवीचा रंग गडद पिवळा झाला, तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

निघण्यापूर्वीचे सहा आठवडे

रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची तपासणी सहा आठवडे आधी करावी, म्हणजे औषधांत बदल करून तो अंगवळणी पडण्यास वेळ मिळतो. लघवी वाढवणारी औषधे, मधुमेहावरील एम्पाग्लिफ्लोझिन वा डॅपाग्लिफ्लोझिन, तसेच काही बीटा-ब्लॉकर ही औषधे उष्ण हवेत विशेष लक्ष मागतात. ती आपण होऊन बंद करू नयेत. मात्र उलट्या-जुलाब झाले, तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

जॉर्डनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या तेथील घड्याळाप्रमाणे त्याच वेळी घेतल्या तरी चालते. इन्सुलिन, अपस्माराची औषधे आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्या वेळा मात्र आधी विचारून घ्याव्यात. सर्व औषधे मूळ पाकिटांत, औषधांच्या शास्त्रीय नावांसह लिहिलेल्या चिठ्ठीसोबत, हातातल्या पिशवीत असावीत. इन्सुलिन सामानाच्या मोठ्या बॅगेत देऊ नये, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकते. झोपेच्या व तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत काही देशांचे नियम कडक असतात. वाटेत ज्या देशात विमान बदलायचे, तेथील नियमही पाहावेत.

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्यास पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून मार्गिकेलगतची जागा घ्यावी, तासातासाने उठावे आणि बसल्या जागी घोटे फिरवावेत. चाकाच्या खुर्चीची मागणी तिकिटासोबतच करावी, त्यात कमीपणा नाही. विमा घेताना जुने आजार लपवू नयेत, अन्यथा ऐनवेळी तो विमा निरुपयोगी ठरतो. आरक्षणापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची त्या प्रदेशाविषयीची सूचनाही अवश्य वाचावी.

सात रात्री, तीनच अंथरुणे

रोज नवे हॉटेल म्हणजे रोज नवे न्हाणीघर, नवा उंबरठा आणि अंधारात नवी वाट. ज्येष्ठांचे पडणे पुष्कळदा रात्री लघवीला उठतानाच घडते. म्हणून मुक्काम तीनच ठेवावेत : मृत समुद्रावर २ रात्री, पेट्राशेजारच्या वादी मूसा गावी २ आणि अकाबात ३. रात्रीचा छोटा दिवा सोबत न्यावा.

अम्मानच्या विमानतळापासून मृत समुद्र साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. पहिला दिवस केवळ विश्रांतीचा. या समुद्राचा काठ समुद्रसपाटीपेक्षा ४०० मीटरहून अधिक खाली असून, पाणी इतके खारट आहे की माणूस आपोआप तरंगतो. गंमत येथेच आहे आणि धोकाही येथेच. पालथे झाल्यास पाय वर उचलले जातात, तोंड पाण्यात जाते आणि वृद्ध व्यक्तीला स्वतःहून उलटणे कठीण होते. हे पाणी गिळले गेल्यास किंवा श्वासात गेल्यास रक्तातील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच, सोबतीचा हात धरून, गुडघाभर पाण्यात मागे रेलून बसावे आणि १० ते १५ मिनिटांत बाहेर येऊन गोड्या पाण्याने अंग धुवावे. आदल्या दिवशी दाढी करू नये. पायाला जखम असल्यास पाण्यात उतरू नये. पाणी पोटात गेलेच, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात तपासून घ्यावे.

पेट्रा : परतीची वाट मोजा

नबातियन लोकांनी गुलाबी वालुकाश्मात कोरलेली ही नगरी १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाला डोंगर कोरण्याचे नवल वाटणार नाही. येथे पाहावे ते पाण्याचे नियोजन. सीक नावाच्या, सुमारे १.२ किलोमीटर लांबीच्या अरुंद घळीतून चालताना दोन्ही भिंतींवर कोरलेले पाट दिसतात. पावसाचा थेंब न् थेंब साठवून या व्यापाऱ्यांनी वाळवंटात शहर वसवले. त्याच वाटेने जाणाऱ्या प्रवाशाने आपल्या पाण्याचा हिशेब विसरावा, हे बरे नव्हे.

प्रवेशद्वारापासून प्रसिद्ध 'खजिना' सुमारे २ किलोमीटरवर आहे. जाताना उतार असतो, त्यामुळे ज्येष्ठांना हुरूप येतो. येताना तोच चढ, तोही उन्हात आणि थकल्या पायांनी. म्हणून जाताना दमलो की नाही, यावरून ताकद मोजू नये. दिवसाचा निर्णय 'परत येता येईल का' या एका प्रश्नावर घ्यावा. खजिन्यापर्यंत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या पैसे देऊन मिळतात. एक वेळ चालत आणि येताना गाडीने, हा उत्तम मध्यममार्ग. 'दैर' या वास्तूसाठी ८००हून अधिक पायऱ्या आहेत. तेथे तरुणांनी जावे. ज्येष्ठांनी गाढवावर बसून त्या पायऱ्या चढण्याचा मोह टाळावा. हाडे ठिसूळ झालेल्यांना एक पडणे पुरेसे असते.

या दिवसाची रंगीत तालीम घरीच करावी. निघण्याच्या महिनाभर आधी सकाळी दोन किलोमीटर जाऊन, विसावा घेऊन दोन किलोमीटर परत यावे. वाट थोडी ओबडधोबड असावी, बूट तेच असावेत. छातीत दुखले, धाप लागली किंवा पोटऱ्या आवळून थांबावे लागले, तर प्रवासाआधी डॉक्टरांना भेटावे.

वाळवंट आणि प्रवाळ

वादी मूसाहून अकाबाला जाताना वाटेत वादी रम लागते. तेथे दुपार कलल्यावर पोहोचावे, दोन-तीन तास जीपने फिरावे, सूर्यास्त पाहावा आणि मुक्कामाला अकाबा गाठावे. ती जीप बहुधा मागे बाके बसवलेली उघडी गाडी असते. पाठीच्या मणक्याचा त्रास असल्यास चालकाशेजारची जागा मागावी. बदाऊनी लोक प्रेमाने चहा देतात, तो अतिशय गोड असतो. मधुमेहींनी साखरेविना मागावा. सूर्य मावळताच थंडी पडते, शाल जवळ असावी.

अकाबाचे प्रवाळ किनाऱ्यालगत आहेत. तळाला काच असलेल्या होडीतून ते कोरड्या अंगाने पाहता येतात आणि हृदयविकार असलेल्यांनी तेच करावे. नळी तोंडात धरून पोहण्यात श्वासावर व हृदयावर ताण येतो. पाण्यात उतरणाऱ्यांनी रबरी तळाचे जोडे घालावेत. प्रवाळाचा ओरखडा दिसायला किरकोळ असला, तरी मधुमेहींमध्ये तो लवकर चिघळतो. तो स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावा आणि रोज पाहावा. ज्यांच्या पायांची संवेदना कमी आहे, त्यांनी तापल्या वाळूवर अनवाणी पाऊलही टाकू नये. प्रवाळ हा सजीव आहे, त्यावर पाय न ठेवणे हे त्याच्याही हिताचे.

जेवणाची शाकाहारींना अडचण पडत नाही. मसूरडाळीचे सार, हरभऱ्याचे हम्मस, भाकरीसारखी रोटी आणि दही सर्वत्र मिळते. लोणची व ऑलिव्ह खारट असतात, रक्तदाब असणाऱ्यांनी बेताने खावीत. पाणी बाटलीबंदच प्यावे. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ निवडावा. भर उन्हाळा टाळावा. पाऊस पडत असल्यास घळींत शिरू नये, तेथे अचानक लोंढे येतात.

केव्हा थांबावे

गोंधळलेले बोलणे, तापलेले अंग, वारंवार उलटी, छातीत दडपण किंवा एका बाजूचा अशक्तपणा ही लक्षणे 'जरा विश्रांती घेऊ' म्हणण्याची नव्हेत. उन्हातून सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि मदत मागवावी. जॉर्डनमध्ये तातडीचा क्रमांक ९११ आहे.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, वारंवार पडणे होत असेल किंवा स्मृतिभ्रंशामुळे नव्या जागी रात्री भांबावणे होत असेल, तर हा प्रवास तूर्त नको. समुद्र आणि जुनी वास्तू यांचीच ओढ असेल, तर मालवणच्या किनारी दोन निवांत दिवसही पुष्कळ काही देतात.

ज्यांना जाणे शक्य आहे, त्यांच्या कुटुंबीयांना एकच विनंती. कार्यक्रम छापण्यापूर्वी तो आईवडिलांसमोर ठेवा आणि विचारा, "यातले काय वगळूया?" "काय पाहायचे?" याचे उत्तर ते तुमच्या आनंदासाठी देतील. "काय वगळूया?" याचे उत्तर मात्र त्यांचे स्वतःचे असेल.