आयगेट चालू, पण मामा नकाशावरून गायब

आजचा भाग माझ्या स्वतःच्या घोळाबद्दल आहे.

माझं आजोळ वेल्ह्याचं, तोरण्याच्या पायथ्याशी. मामा हॅम रेडिओवाला. त्या दिवशी तो पहाटे राजगडावरून तोरण्याकडे निघाला होता, एकटाच. वाटेत मोबाईलला रेंज नाही, म्हणून खिशात एपीआरएस ट्रॅकर. हे यंत्र दर काही मिनिटांनी आपला कॉलसाइन आणि जागा रेडिओवर पाठवतं. आमच्या कौलांवरचा अँटेना ते ऐकतो आणि खालचा रास्पबेरी पाय ते इंटरनेटवर टाकतो. या जोडणीलाच आयगेट म्हणतात.

दुपारचे तीन वाजले तरी नकाशावर मामा नाही. मामी दर दहा मिनिटांनी, "दिसला का रे?"

मी आधी काय केलं? राउटर बंद-चालू. मग नकाशा रिफ्रेश, पन्नास वेळा. खरं तर पहिल्यांदा पायची स्क्रीन बघायला हवी होती, कारण नकाशा ही साखळीची शेवटची कडी. शेवटी लॉग उघडला, तर डायरवुल्फमध्ये मामाची पॅकेट्स येतच होती! उत्तर १८ १६, पूर्व ०७३ ३७. (हे अंश आणि मिनिटं आहेत हं, १८.१६ अंश नाही. तसं वाचलंत तर माणूस दहाबारा किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडेल.) म्हणजे मामा तोरण्याजवळ पोचला होता. मामीला सांगितलं तेव्हा कुठे ती खाली बसली.

म्हणजे रेडिओ ठीक, अँटेना ठीक, आवाजाची पातळीही पन्नासच्या आसपास, हवी तशी. सर्व्हरशी कनेक्शनही होतं. त्याच्याकडून '#' ने सुरू होणाऱ्या ओळी नेमाने येत होत्या. मग अडलं कुठे?

लॉग वर सरकवत नेला. लॉगइनच्या वेळची एक ओळ सापडली: 'लॉगरेस्प', पुढे माझा कॉलसाइन, आणि त्यापुढे 'अनव्हेरिफाइड'.

डोक्यात लख्ख उजेड पडला. आदल्याच रात्री मी कॉलसाइन बदलला होता! आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला व्हीयू३ मिळतो, आणि जनरल ग्रेड झाली की व्हीयू२ चा नवा. मी हौसेने फाइलमध्ये नवीन टाकला, पासकोड मात्र जुनाच. हा पासकोड कॉलसाइनच्या अक्षरांवरून गणिताने निघतो. डॅशनंतरचा आकडा, म्हणजे -१० वगैरे, त्यात धरत नाहीत. कॉलसाइन बदलला की पासकोड बदलतोच. आणि खरी गंमत अशी की पासकोड चुकला तरी सर्व्हर तुम्हाला हाकलत नाही. जोडून ठेवतो, फक्त तुमची पॅकेट्स गुपचूप टाकून देतो. म्हणून बाहेरून सगळं आलबेल.

नवीन पासकोड टाकला, डायरवुल्फ परत सुरू केला. 'व्हेरिफाइड'! पुढच्याच पॅकेटला मामा नकाशावर उगवला.

आधीची पॅकेट्स मात्र गेली ती गेलीच. आयगेट ऐकलेलं लगेच पुढे पाठवतो, साठवून ठेवत नाही. त्यामुळे नकाशावरची रेघ थेट तोरण्यावरच सुरू झाली. संध्याकाळी मामा घरी आल्यावर मामीने फोन त्याच्यापुढे धरला, "सकाळभर काय उडत होतास?"