मुठीचा हिशेब

‘काटकसर’ हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या कपाळावर आठी चढते. काटकसर म्हणजे हात आखडणे, मन मारणे, पाहुण्याच्या पानात वाढताना हात अर्ध्यावर थांबवणे, असा एक समज होऊन बसला आहे. वस्तुतः त्याला कृपणता म्हणतात. कृपण मनुष्य आवश्यक तेथेही खर्च करीत नाही. काटकसरी मनुष्य आवश्यक तेथे मोकळ्या हाताने खर्च करतो, परंतु घरात आलेली वस्तू वाया जाऊ देत नाही. या दोहोंतील अंतर ज्या घराला कळले, त्या घराला टंचाईचे दिवसही सुसह्य होतात.

आपण सर्व व्यापारी आहोत. पोत्यामागे तूट किती, बारदानाचे वजन किती, धान वाळल्यावर घट किती, याचा हिशेब आपण पेढीवर डोळ्यांत तेल घालून ठेवतो. परंतु त्याच धान्याची जी तूट स्वयंपाकघरात येते, ती कोणत्याही वहीत चढत नाही. ती कशी येते ते पाहू. मध्यम हाताची एक मूठ तांदूळ सुमारे ५० ग्रॅम धरावा. घरात रोज एवढा तांदूळ जास्त शिजला आणि टाकला गेला, तर वर्षाच्या ३६५ दिवसांत १८ किलो २५० ग्रॅम तांदूळ गेला. एवढा तांदूळ एखादा हमाल पेढीवरून चोरून नेता, तर आपण केवढा गहजब केला असता! ही हानी आपल्याच घरची नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. दुकाने व उपाहारगृहे यांचा वाटा त्या मानाने कमीच.

आपल्या समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अन्य घरांत रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला पडतो. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते आणि शिळे अन्न वर्ज्य मानले जाते. म्हणजे जास्त शिजलेल्या अन्नाला आपल्या घरात दुसरी वाटच नाही. आरोग्याच्या दृष्टीनेही हा नियम सुज्ञपणाचा आहे, कारण उष्ण दिवसांत बाहेर राहिलेल्या भातात जे जंतुविष तयार होते, ते पुन्हा तापवल्याने नाहीसे होत नाही. पिठाचेही तसेच. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस ही पिठाची मर्यादा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाळली. दळलेल्या धान्यातील तेलाचा अंश हवा लागून खवट होतो आणि दमट हवेत पीठ लवकर बिघडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मर्यादेतील व्यवहारज्ञान पटते. तेव्हा महिन्याचे दळण एकदम आणणे ही सोय नव्हे. दळण थोडे आणि ताजे असावे.

मग अन्न जास्त शिजते तरी का? माझ्या निरीक्षणाप्रमाणे त्याचे कारण उधळेपणा हे क्वचितच असते. घरातील माणसे कमी होतात, परंतु पातेले लहान होत नाही, हे खरे कारण होय. आमच्या मातोश्रींच्या काळी घरी चौदा पाने वाढली जात. शिवाय लालबर्रा, वारासिवनीकडून धान घेऊन आलेला शेतकरी पंगतीला असे, तो निराळाच. आज पाच पाने होतात. मुले शिक्षणासाठी नागपूर, पुण्यास जातात, मुली सासरी जातात, आणि हाताची सवय मात्र मागल्या पिढीचीच राहते.

यातूनच सासू-सुनांची कुरबूर सुरू होते. सासूबाई मापट्याने मोजतात, सूनबाई वाटीने; भात उरला की दोष कोणाचा, यावर घरात अबोला धरला जातो. १९६२ पासून बाजारात किलोग्रॅमचे वजन सक्तीचे झाले, परंतु पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे स्वयंपाकघरांतून मुळीच हटली नाहीत. ती आकारमानाची मापे आहेत. बारीक चिन्नोर आणि जाडा तांदूळ एकाच मापट्यात सारख्या वजनाने भरत नाहीत. शिवाय जुना तांदूळ नव्यापेक्षा अधिक पाणी पितो व अधिक फुगतो. यावर उपाय सोपा आहे. घरातील एकच भांडे माप म्हणून ठरवावे, त्यात मावणारा तांदूळ एकदा तराजूवर तोलावा, किती पानांना किती मापे लागतात ते आठ दिवस पाहावे आणि तो आकडा कोठीच्या दाराआड लिहून ठेवावा. आमच्या घरी तसा लिहिला आहे. तेव्हापासून भाताचा वाद तराजूकडे गेला आणि माणसांत राहिला नाही.

दुसरी तूट साठवणीत येते. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर ज्या जिल्ह्याचा, त्या आपल्या बालाघाटच्या घरांत तांदळाला कीड लागावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. किडीचे मूळ ओलाव्यात आहे. शासकीय खरेदीत धानाला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. एवढा ओलावा घरच्या साठ्याला चालत नाही. दाणा दाताखाली धरावा. ‘कट्’ असा आवाज होऊन तुटला तर तो वाळला, चेपला तर ओला. गव्हाला ऊन द्यावे, परंतु ऊन दिलेला गहू थंड झाल्यावाचून डब्यात भरू नये. तांदूळ कडक उन्हात घालू नये. दाण्याला तडे जाऊन शिजताना त्याची कणी होते. तो सावलीत पसरावा. मूग, चवळी अशा अख्ख्या कडधान्यांवर भुंगेऱ्याची मादी अंडी घालते, म्हणून किलोमागे चहाचा एक चमचा खाद्यतेल चोळून ठेवावे. पोते जमिनीला व भिंतीला टेकवू नये, खाली फळी असावी. जुन्यात नवे धान्य कधीही मिसळू नये. चातुर्मासापूर्वी सर्व धान्य एकदा शोधून घ्यावे. कीड मारण्याची वेळच येऊ न देणे, यात काटकसरही आहे आणि जीवदयाही.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. गोदामात धुरी देण्यासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही मंडळी घरच्या कोठीत ठेवतात. हवेतील ओलावा लागताच त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो, आणि त्या विषावर उतारा नाही. या गोळ्या बंदिस्त गोदामात, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरावयाच्या असतात. जेथे मुले-माणसे निजतात त्या घरात त्यांना जागा नाही. दोन पायली धान्य वाचविण्यासाठी घरातील जीव धोक्यात घालणे याला कोणताही व्यापारी नफा म्हणणार नाही. घरी कोणी मागितल्या, तर आपल्या पेढीवरून त्या देऊ नयेत, अशी माझी प्रत्येक सभासदास हात जोडून विनंती आहे.

आता वाचलेल्या मुठीचे काय करावे? याचे उत्तर आपल्याच समाजात जन्मलेल्या एका थोर पुरुषाने देऊन ठेवले आहे. कोल्हापूरकडील कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. सातारच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची गरीब मुले एका पंगतीला बसत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले. या कार्यासाठी घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करण्याचा ‘मुष्टिफंड’ त्यांनी चालविला, आणि मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिनेही मोडले. धनिकाच्या एका मोठ्या देणगीची वाट पाहत बसण्यापेक्षा सामान्य घरातील रोजची मूठ अधिक भरवशाची, हे त्यांनी ओळखले होते.

आपणही तोच हिशेब मांडू. रोज तांदूळ शिजवण्यास काढताना मापातील एक मूठ निराळ्या डब्यात टाकावी. शंभर घरांनी वर्षभर हे केले, तर १८ क्विंटल २५ किलो तांदूळ जमेल. तो एखाद्या वसतिगृहाच्या किंवा अन्नछत्राच्या कोठीत पोहोचवावा. वर्षअखेरीस आपण पेढीचा ताळेबंद मांडतोच. पुढील वर्षी त्याच्या शेजारी आपल्या स्वयंपाकघराची एक ओळ असावी: इतक्या मुठी वाचल्या, इतक्या पोहोचल्या.